खेळांतलें स्टेअरिंग आणि मोटारीची किल्ली

नगरच्या सावेडी भागांत राहणाऱ्या एका गृहस्थांचें पत्र ह्या महिन्यांत आमच्यापुढें आलें आहे. त्यांचे चिरंजीव सोळा वर्षांचे आहेत. घरीं प्लेस्टेशन आहे, त्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ आहे, आणि अंगणांतील मोटारीवर चिरंजिवांचा डोळा आहे. "किल्ली मागण्यापेक्षां त्यानें घरींच काय तें चालवावें, म्हणून खेळास जोडावयाचें स्टेअरिंग घेऊन देण्याचा विचार आहे. कोणतें घ्यावें? आणि त्यावर हात बसला तर पुढें खरी मोटार शिकण्यास त्याचा उपयोग होईल काय?" असे दोन प्रश्न त्यांनीं केले आहेत.

पहिला प्रश्न वस्तूचा आहे आणि दुसरा मुलाचा. बाजारांत गेलेला मनुष्य पहिल्यांतच गुंतून पडतो, आणि दुकानदारही त्यास दुसऱ्याची आठवण करून देत नाहीं. आम्ही दोहोंचा विचार क्रमानें करूं. कारण अशा विवंचनेंत पडलेले हे गृहस्थ एकटे नाहींत. कोणाच्या घरीं मुंजींत मामानें दिलेल्या आहेराचे पैसे सांठलेले असतात, कोणाच्या घरीं दहावीच्या निकालावर वचन देऊन ठेवलेलें असतें. आणि पुष्कळ ठिकाणीं वस्तु घरीं येऊन पोंचल्यावर मग ती कशास जोडावयाची व कोठें बसवावयाची याचा शोध सुरू होतो.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं अशा वडील मंडळींकरितां आधीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कन्सोलबरोबर जो कंट्रोलर मिळतो त्यावर अंगठ्याखालीं एक लहानशी दांडी असते. ती एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत बोटभरसुद्धां हलत नाहीं, आणि तेवढ्याच हालचालींत मोटारीचें सगळें वळण बसवावें लागतें. उलट बऱ्या प्रतीचें स्टेअरिंग ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे, फिरतें. कांहीं तर १०८० अंश, म्हणजे पुरते तीन फेरे. घरच्या मोटारीचें चाकही साधारण तितकेंच फिरतें. ह्यामुळें हाताला बारीक हालचालीची संवय लागते व खेळांतील मोटार सरळ ठेवणें हें एक कौशल्याचें काम होतें. स्टेअरिंग घेण्याचें खरें कारण एवढेंच आहे. तें घेतल्यानें शर्यती आपोआप जिंकतां येतात असा कोणाचा समज असेल तर तो पहिल्या आठवड्यांतच दूर होतो. अंगठ्यानें खेळण्यांत मुरलेला मुलगा स्टेअरिंगवर आरंभीं मागेंच पडतो.

आतां निवडीकडे वळूं. सर्वांत आधीं पाहावयाचें तें कन्सोलचें नांव. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन आणि मायक्रोसॉफ्ट कंपनीचा एक्सबॉक्स हे दोघे एकमेकांच्या साधनांस ओळख देत नाहींत. लॉजिटेक कंपनीचें जी २९ हें स्टेअरिंग प्लेस्टेशनला चालतें. दिसण्यांत व गुणांत जवळजवळ तसेंच असलेलें जी ९२० हें एक्सबॉक्सला चालतें. आणि जी ९२३ हें तर एकाच नांवानें दोन निरनिराळ्या प्रकारांत विकलें जातें. दोन्ही प्रकार संगणकाला चालतात, म्हणून "सगळ्याला चालतें" असें दुकानांत सांगण्यांत येतें, आणि फसगत होते ती येथेंच. खोक्यावर आपल्या कन्सोलचें नांव स्पष्ट छापलेलें असल्यावांचून पैसे मोजूं नयेत. निन्टेन्डो कंपनीच्या स्विच कन्सोलवर बहुतेक लहान मुलांची मारिओ कार्ट खेळण्याची हौस असते. तेथें मोठ्या स्टेअरिंगचा पाठीमागून येणारा जोर मिळत नाहीं, म्हणून त्यासाठीं भारी किमतीची वस्तु घेणें व्यर्थ होय.

त्यानंतर खेळाचें नांव पाहावें. ग्रॅन टुरिस्मो, फोर्झा मोटरस्पोर्ट, असेटो कोर्सा ह्यांसारखे शर्यतीचे खेळ स्टेअरिंग डोळ्यांपुढें ठेवूनच रचलेले आहेत. परंतु ज्यांत शहरभर मोकाट हिंडावयाचें, त्यांत मधूनच मोटार पळवावयाची, अशा खेळांपैकीं पुष्कळांना स्टेअरिंग ठाऊकच नसतें. मुलगा रोज कोणता खेळ खेळतो हें वडिलांस माहीत नसेल, तर स्टेअरिंगची चौकशी करण्यापूर्वीं ती चौकशी करावी. तिचा उपयोग पुढेंही होईल.

ह्यानंतर यंत्राच्या अंतरंगाचा प्रश्न येतो. अगदीं स्वस्त स्टेअरिंगमध्यें रबरी दोर किंवा स्प्रिंग असते. ती चाक मधल्या जागीं खेंचून आणते, याहून अधिक कांहीं करीत नाहीं. त्यांचा फेराही थोडा असतो. थ्रस्टमास्टर कंपनीचें टी ८० हें केवळ २४० अंश फिरतें. दहा वर्षांच्या मुलाच्या सुटींतल्या करमणुकीला तें पुरेसें आहे. त्यावरच्या पायरीस आंत विजेची मोटार बसविलेली असते, व खेळांतील रस्त्याप्रमाणें ती चाकाला उलट जोर देते. वळणावर चाक जड होतें, पुढचीं चाकें घसरूं लागलीं म्हणजे तें एकाएकीं हलकें पडतें, कडेच्या दगडांवरून गेल्यास तें थरथरतें. ह्या उलट जोराला बाजारांत फोर्स फीडबॅक म्हणतात. स्टेअरिंगची किंमत मुख्यतः ह्याचीच असते.

हा जोर चाकापर्यंत पोंचविण्याच्या तीन तऱ्हा आहेत. लॉजिटेकच्या वर सांगितलेल्या तीनही स्टेअरिंगांत तो दांत्यांच्या चक्रांमधून जातो. त्यामुळें थोडी खडखड ऐकूं येते, पण यंत्र काटक असतें. थ्रस्टमास्टरच्या टी ३०० आरएसमध्यें तो पट्ट्यानें जातो. चाक मऊ फिरतें व आवाज कमी होतो. तिसरी तऱ्हा थेट जोडणीची, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्हची. तींत चाक विजेच्या मोटारीच्या दांड्यावरच बसविलेलें असतें. पूर्वीं ही फार श्रीमंती हौस होती. २०२१ सालीं फॅनाटेक कंपनीनें सीएसएल डीडी हें त्या मानानें स्वस्त यंत्र आणल्यापासून ती मध्यम वर्गाच्या दृष्टीच्या टप्प्यांत आली आहे. हाताच्या टप्प्यांत आली आहे असें मात्र अद्याप म्हणवत नाहीं.

जाहिरातींत हा जोर न्यूटन-मीटर ह्या मापानें सांगतात. आंकडा वाचून गृहस्थाच्या मनांत कांहींच उभें राहत नाहीं, म्हणून आम्ही त्याचा हिशेब किलोंत करून देतों. स्टेअरिंगचा व्यास २८ सेंटिमीटर धरला, तर जी २९ चा सुमारें २.२ न्यूटन-मीटर जोर म्हणजे चाकाच्या कडेला दीड किलोहून थोडें अधिक वजन टांगल्यासारखा होय. सीएसएल डीडीचा ५ न्यूटन-मीटर जोर म्हणजे साडेतीन किलोंच्या वर, आणि लॉजिटेकच्याच थेट जोडणीच्या मोठ्या यंत्राचा ११ न्यूटन-मीटर जोर म्हणजे तब्बल आठ किलो. आठ किलोंचें वजन एकाएकीं उलट्या बाजूस फिरलें म्हणजे चाकाच्या आड्यांत अडकलेल्या अंगठ्याचें काय होईल याची कल्पना गृहिणींस सांगावयास नको. थेट जोडणीचें यंत्र घेतल्यास अंगठे चाकाच्या कडेबाहेर ठेवण्याची संवय पहिल्या दिवसापासून लावावी, आणि घरांत लहान भावंडें असल्यास खेळाच्या मांडणींत जोर कमी करून ठेवावा.

हा जोर कशासाठीं हवा हें समजण्यास नगरकरांना दूर जावयास नको. १९९४ सालीं येथें उघडलेलें रणगाडा संग्रहालय बहुतेकांनीं पाहुण्यांना दाखविलेलें असतें. तेथें रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटार आहे. तिला चाक आहे. दुसऱ्या महायुद्धांतील व्हॅलेंटाइनसारखा रणगाडा मात्र चाकानें वळत नाहीं. चालक दोन दांडे ओढतो, ज्या बाजूचा दांडा ओढावा त्या बाजूचा पट्टा मंद होतो, आणि सगळें धूड तिकडे वळतें. मोटारीचें चाक सळया-सांध्यांतून पुढच्या चाकांना जोडलेलें असल्यामुळें रस्त्यावरचा खड्डा चालकाच्या तळहाताला कळतो. चालविण्याचें साधन हें हुकूम सोडण्याचें साधन जसें आहे, तसें वार्ता आणण्याचेंही आहे. ज्या स्टेअरिंगला उलट जोर नाहीं तें हुकूम सोडतें, पण वार्ता आणीत नाहीं. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाकरितां घ्यावयाचें असल्यास उलट जोर देणारेंच घ्यावें. परंतु तो दीड किलो आहे कीं आठ किलो, हा प्रश्न दुय्यम आहे. खरी बातमी हळू आवाजांतही सांगतां येते.

आम्ही त्याहून अधिक महत्त्व ब्रेकला देतों. खोक्यावर चित्र असतें तें चाकाचें. पायांखालच्या पेडलांकडे कोणी पाहत नाहीं. कांहीं स्टेअरिंगांबरोबर दोनच पेडलें येतात, क्लच नसतो. साध्या पेडलांत ब्रेक किती अंतर खालीं गेला एवढेंच मोजलें जातें. खऱ्या मोटारींत गोष्ट वेगळी असते. तेथें ब्रेक थोडासा खालीं जाऊन घट्ट होतो व त्यापुढें पायाच्या दाबावर मोटार थांबते. हें साधण्यासाठीं भारी पेडलांत लोड सेल नांवाचा भाग बसवितात. तो अंतर न मोजतां दाब मोजतो. हा भाग अपूर्व आहे असें नाहीं. किराणा दुकानांतील विजेच्या काट्यावर साखर तोलली जाते ती ह्याच्याच योगानें. जी २९ च्या ब्रेकखालीं लोड सेल नाहीं, परंतु रबराचा एक ठोकळा बसवून पायाला घट्टपणाची जाणीव दिलेली आहे, आणि पेडलें तीन आहेत. पैसे मोजकेच असतील तर चाकाच्या चकाकीवर खर्च करण्यापेक्षां पेडलांवर करावा. वळणाच्या आधीं वेग किती उतरवावा हें ज्याच्या पायाला कळलें त्याचे हात आपोआप शांत होतात. हें शर्यतीच्या खेळांत जितकें खरें आहे तितकेंच रस्त्यावरही खरें आहे.

पुढचा विचार जागेचा. हीं यंत्रें परदेशांतील घरांकरितां केलेलीं असतात. पेडलांच्या तळाला गालिच्यांत रुतून बसणारे दांते असतात. आपल्या घरीं गालिचा कोठला! शहाबादी फरशीवर किंवा गुळगुळीत टाइल्सवर जोरानें ब्रेक दाबतांच पेडलें पुढें पळतात. म्हणून तीं भिंतीला टेकवून ठेवावीं, किंवा खालीं जाड रबरी चटई घालावी. तोच न्याय खुर्चीला. चाकांची फिरती खुर्ची ब्रेकबरोबर मागें सरकते आणि चिरंजीव स्टेअरिंगपासून हातभर दूर जातात. त्यापेक्षां चार पायांची साधी लांकडी खुर्ची शतपट बरी. स्टेअरिंग टेबलाच्या कडेला पकडीनें आंवळून बसवितात. टेबलाची फळी पातळ असेल किंवा कडेखालीं खण असेल तर पकड बसत नाहीं. तेव्हां आधीं टेबल मोजावें. शिवाय अभ्यासाचें टेबल आणि खेळाचें टेबल एकच असलें तर रोज स्टेअरिंग काढणें-बसविणें चालतें, व दहा-पंधरा दिवसांत तें काढण्याचें राहून जातें. मग वह्या जमिनीवर उतरतात. ज्या घरीं निराळें टेबल नाहीं त्यांनीं स्वतंत्र लोखंडी स्टँडचा खर्च आधींच हिशेबांत धरावा.

गिअरच्या दांड्याविषयीं एक गोष्ट जाहिरातींत कोणी सांगत नाहीं, ती येथें सांगतों. बहुतेक स्टेअरिंगांच्या पाठीमागें दोन पाती असतात. एकीनें गिअर वाढतो, दुसरीनें उतरतो. आपल्या मोटारींतल्यासारखा उभा गिअर हवा असल्यास तो बहुधा निराळा विकत घ्यावा लागतो. त्याच्या चित्रांत तो चाकाच्या उजव्या हाताला लावलेला दिसतो, कारण तीं चित्रें डाव्या बाजूस चालक बसणाऱ्या देशांतील आहेत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो व गिअर त्याच्या डाव्या हाताला असतो. तेव्हां दांडा डावीकडेच बसवावा. ग्रॅन टुरिस्मो हा खेळ जपानी आहे, आणि जपानांतही मोटारी आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूनें जातात. त्यांतील जपानी व इंग्रजी मोटारी निवडल्या म्हणजे पडद्यावरील बैठकही आपल्या बैठकीशीं जुळते. चुकीच्या हाताला लागलेली संवय पुढें मोडणें जड जातें.

जुनी वस्तु घेण्यास आमचा विरोध नाहीं. पुष्कळ मुलांची हौस सहा महिन्यांत ओसरते, आणि चांगलीं यंत्रें निम्म्या पैशांत मिळूं शकतात. मात्र ती प्रत्यक्ष जोडून पाहावी. चाक दोन्ही टोंकांपर्यंत फिरवून कोठें अडखळतें काय, मध्यभागीं सैल आहे काय, आणि पाय न लावतां पडद्यावर ब्रेक आपोआप लागल्यासारखा दिसतो काय, ह्या तीन परीक्षा कराव्या. शेवटचा दोष धुळीनें होतो. साध्या पेडलांतील मोजणारा भाग धूळ बसली म्हणजे उड्या मारूं लागतो. आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत असलेल्या आमच्या कोरड्या जिल्ह्यांत धुळीची उणीव कधींच नसते. खेळ झाल्यावर पेडलांवर जुनें धोतर किंवा साडीचा तुकडा टाकून ठेवावा. अमेरिकेंतून येणाऱ्या भाच्याकडून यंत्र मागवितांना हमीचा विचार करावा. तिकडच्या हमीवर इकडे दुरुस्ती मिळेल असें गृहीत धरूं नये.

येथवर पहिल्या प्रश्नाचें उत्तर झालें. आतां दुसरा प्रश्न. स्टेअरिंगवर खेळलेल्या मुलाला खरी मोटार शिकण्यास उपयोग होतो काय? होतो, आणि किती होतो हें जगानें पाहिलेलें आहे. निस्सान आणि प्लेस्टेशन ह्यांनीं २००८ सालीं जीटी अकॅडमी नांवाची स्पर्धा काढली. ग्रॅन टुरिस्मो खेळांत जे उत्तम ठरतील त्यांतून निवड करून खऱ्या शर्यतीची मोटार त्यांच्या हातीं द्यावयाची, अशी ती योजना होती. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोनेझ. त्यानें २०११ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत आपल्या वर्गांत दुसरा क्रमांक मिळविला. त्याच सालचा अकॅडमीचा विजेता इंग्लंडचा यान मार्डनबरो. त्याच्या आयुष्यावर २०२३ सालीं चित्रपटही निघाला, आणि आमच्या पत्रलेखकांच्या चिरंजिवांनीं तो पाहिला असेल अशी आमची अटकळ आहे.

परंतु ह्या कथेचा दुसरा भाग मुलें सांगत नाहींत, म्हणून तो वडिलांनीं सांगावा. निवड झालेल्या तरुणांच्या हातीं स्पर्धेची मोटार लगेच दिली जात नसे. कित्येक महिने खऱ्या मैदानावर, जाणत्या शिक्षकांच्या नजरेखालीं, त्यांची तयारी करून घेत. आणि एवढें होऊनही मार्च २०१५ मध्यें जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग येथें मार्डनबरोची मोटार उंचवट्यावरून हवेंत उचलली गेली, कुंपणापलीकडे पडली, आणि शर्यत पाहावयास आलेला एक मनुष्य प्राणास मुकला. त्या मार्गावर खेळांत हजारों मुलांनीं हजारों वेळां मोटार उलटविली असेल. खेळांत त्यानें कोणाचेंही कांहीं बिघडत नाहीं. फोर्झा खेळांत तर एक कळ दाबली म्हणजे कांहीं क्षण मागें जाऊन तेंच वळण पुन्हां घेतां येतें.

स्टेअरिंगनें काय येतें व काय येत नाहीं याची विभागणी आम्ही अशी करतों. दूरवर नजर ठेवणें, वळणाच्या आधीं सरळ रेषेंत ब्रेक लावणें, चाक हळुवार धरणें, क्लच आणि गिअर ह्यांचा क्रम, हें सर्व हातापायांना कळतें. अंगाला बसणारा हिसका कळत नाहीं, आरशांकडे पाहण्याची संवय लागत नाहीं, आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे समोरून कोणी येत नाहीं. शर्यतींत सर्व मोटारी एकाच दिशेस जातात. नगर-मनमाड रस्त्यावर तसें नाहीं. गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे राहुरी, श्रीरामपूर, कोपरगांव, संगमनेर ह्या बाजूस उसानें भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रीं रस्त्यावर असतात. कित्येकांना मागें दिवा नसतो. त्यांच्या जोडीला बैलगाड्या. अंधारांत पुढें दिसणारी काळी सांवली ही रस्ता आहे कीं ऊस, हें ओळखण्याचा धडा कोणत्याही कन्सोलमध्यें नाहीं. तो वडील माणसाच्या शेजारीं बसून, कित्येक रात्रींच्या प्रवासांत मिळतो.

कायदाही ह्या बाबतींत स्पष्ट आहे. मोटार चालविण्याचा परवाना अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून मिळत नाहीं. सोळाव्या वर्षीं जी मुभा आहे ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती. २०१९ सालच्या दुरुस्तीनें अल्पवयीन मुलानें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरितां रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. मे २०२४ मध्यें पुण्यांतील कल्याणीनगर येथें एका भारी मोटारीनें दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ती चालविल्याचा आरोप ज्याच्यावर आला तो सतरा वर्षांचा मुलगा होता. त्या दोन घरांचें जें गेलें तें कोणत्याही दंडानें भरून येणारें नाहीं. असा प्रसंग दुसऱ्याच्या घरचा म्हणून वाचावयाचा नसतो. किल्ली कोणत्याही घरीं खुंटीवरच असते.

वास्तविक नगरासारख्या गांवांत ही गोष्ट कोणास शिकवावी लागूं नये. वाहन संशोधनाची सरकारी संस्था येथेंच आहे. सैनिकाच्या हातीं वाहन देण्यापूर्वीं तें कसोटीच्या मार्गांवर, चढावर, उतारावर, खड्ड्यांतून पुन्हां पुन्हां चालवून पाहतात. कागदावर उत्तम दिसतें म्हणून तें कोणी स्वीकारीत नाहीं. लोखंडाच्या वाहनाची जेथें एवढी परीक्षा होते, तेथें चालविणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची परीक्षा पडद्यावरील क्रमांक पाहून झाली असें आपण कसें समजावें?

तेव्हां पत्रलेखकांस आमचें उत्तर असें. स्टेअरिंग अवश्य घ्यावें. घरीं प्लेस्टेशन आहे, मुलगा सोळा वर्षांचा आहे, ही पहिलीच खरेदी आहे. अशा घरीं तीन पेडलांचें, दांत्यांच्या किंवा पट्ट्याच्या जोडणीचें, मध्यम प्रतीचें यंत्र पुरेसें होय. थेट जोडणीचें यंत्र आज घेऊं नये. वर्षभर हौस टिकली तर त्यानें स्वतःच्या बक्षिसाच्या पैशांत भर घालून तें घ्यावें. उरलेल्या रकमेंत स्टँड आणि रबरी चटई येईल. धाकटी बहीण असेल तर तिलाही पाळी द्यावी. चाक धरण्याची अक्कल मुलग्यांनाच असते असा अनुभव नाहीं. आठवड्याचे तास ठरवून द्यावे आणि ते यंत्र आणण्यापूर्वीं ठरवावे, नंतर ठरवूं म्हटलें तर ठरत नाहींत.

किल्लीचा प्रश्न मात्र ह्या सौद्यांत आणूं नये. "स्टेअरिंग देतों, पण किल्ली मागावयाची नाहीं" अशी देवघेव केली तर किल्ली ही तडजोडीची वस्तु ठरते, आणि तडजोड पुन्हां करतां येते असें मुलास वाटतें. किल्ली अठराव्या वर्षीं, शिकाऊ परवाना हातीं आल्यावर, वडिलांच्या शेजारच्या आसनासह मिळेल, असें आजच सांगून टाकावें. दरम्यान वडिलांनींही एखाद्या रविवारीं त्या स्टेअरिंगपुढें बसावें. वीस वर्षें मोटार चालविलेल्या मनुष्याला तो खेळ पहिल्या वळणावरच बाहेर फेंकील, चिरंजीव हंसतील, आणि ब्रेक केव्हां लावावा हें शिकवूं लागतील. त्या वेळीं खऱ्या रस्त्यावर ब्रेक केव्हां लावावा लागतो हें सांगण्यास वडिलांना आयतीच संधि मिळेल, आणि तो उपदेश मुलगा ऐकून घेईल. त्यांना यंत्र कसें लाभलें आणि फरशीवर पेडलें कशानें स्थिर राहिलीं, हें त्यांनीं सवडीनें आम्हांस कळवावें. इतर वाचकांच्या उपयोगी पडेल.